सात फळ्या

दोन खोल्यांत चार खुर्च्या मावत नाहीत
हे अलेन्काने टेप लावून सिद्ध केलं.
क्रान्यचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट आहे.
लिफ्ट आहे, हे मला आतापर्यंत
प्रत्येकाने एकदा सांगून झालंय.

बारा जणांचा चिनी मातीचा सेट कुणालाच नको,
डिशवॉशरमध्ये चालत नाही म्हणे.
कपाट तर नकोच.
मातेव्झचं अकॉर्डियन नेझाने मांडीवर घेतलं,
भाता एकदा ओढला, ते खोकलं,
आणि तिने परत पेटीत ठेवलं,
आजारी माणसावर पांघरूण घालावं तसं.

वाटणी म्हणजे भांडण, असं ऐकून होते.
इथे तर जो तो दुसऱ्याला म्हणतोय, तूच ने.

फळ्यांचं तेवढं वेगळं.
परसात मधमाश्यांचं घर,
पेट्या एकीवर एक, टपालाच्या कप्प्यांसारख्या,
आणि प्रत्येकीच्या तोंडाशी रंगवलेली फळी.
मातेव्झच्या आज्याने कुणा फिरत्या रंगाऱ्याकडून
दोन रात्रींच्या जेवणावर काढून घेतलेल्या.
माशीला आपलं दार ओळखू यावं म्हणून, असं सांगायचे.

एकीवर संत फ्लोरियान, जळत्या घरावर बादली ओततोय.
एकीवर शिकाऱ्याची प्रेतयात्रा,
खांदा द्यायला अस्वल आणि ससे, कुणी रडत नाही.
एकीवर सैतान, एका बाईची जीभ
धारेच्या चाकावर धरून.
लग्न होऊन आले त्या वर्षी सासू म्हणाली, ही पेटी तुझी.
जिभेला हाड नसतं; माझ्या जिभेला पातं होतं.
ती फळी बोश्त्यानला.
म्युनिकमध्ये वकिली करतो. शोभेल.

सात फळ्या, तीन मुलं.
दोन, दोन, दोन. उरली ती गिरणीची:
नवरे म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन रांगेत,
वरून एकेकीला आत टाकतात,
खालून तरण्या बाहेर येतात, कमरेवर हात.
ती सगळ्यांना हवी.
मला कुणी विचारलं नाही.

बोश्त्यान फोनच्या पडद्यातून म्हणाला, मला वगळा,
माझ्या भिंती सगळ्या काचेच्या.
राहिले दोघं.
काड्या काढू, दाम्यान म्हणाला.

हा त्यांचा जुना खेळ.
केकचा शेवटचा तुकडा, गाडीतली पुढची सीट,
कुत्र्याला अंघोळ घालायची पाळी,
आणि दर वेळी लबाडी करून तोच जिंकायचा
आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची.

आखूड काडी ज्याची, फळी त्याची.
अलेन्काने ओढली. आखूड.
नाचायचीच बाकी राहिली, पन्नाशीची बाई.
मी खाली खुर्चीत होते,
तिथून त्याची मूठ मागून दिसत होती.
दुसरी काडीही त्याने मोडलेलीच होती.

मी जीभ दातांमागे धरली.
तेवढ्यात कॉफी उतू गेली, बरं झालं.

पेट्या शेजारच्या लोव्रोला.
माश्या रात्रीच हलवायच्या, सगळ्या घरी आल्या की.
आमच्याकडे गाय मरते, कोंबडी मरते,
मधमाशी मात्र वारते, माणसासारखी.
मातेव्झ गेला तेव्हा बोटाच्या पेराने ठोठावून
मीच त्यांना सांगितलं होतं.
न सांगितलं तर रुसून उडून जातात.

आज नुसतं लाकूड. स्क्रूंची भोकं.
एक उशिरा आलेली माशी तीनदा दारावरून फिरली,
मग आत शिरली.
म्हणजे वासानेही सापडत होतं तिला.
चित्रं आमच्यासाठीच होती.

लोव्रोचा ट्रॅक्टर रस्त्यावर धडधडत होता.
मी एकेका पेटीवर टकटक केलं.
काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं.
मालकीण गेली म्हणावं, तर मी समोर उभी.
शेवटी पत्ता सांगितला.
तिसरा मजला. दक्षिणेला छोटी बाल्कनी.
लिफ्टचं काही बोलले नाही.